एफवायला किती होते?

जुलैमध्ये बी.ए. प्रथम वर्षाच्या, म्हणजे एफवायच्या, वर्गात बाकं पुरत नाहीत. शिपाईमामा शेजारच्या खोलीतून दोन-तीन बाकं ओढत आणतात, मुली एका बाकावर तिघी-चौघी बसतात, मागची मुलं खिडकीच्या कट्ट्याला टेकून तास ऐकतात. दिवाळीची सुट्टी संपवून परत येतो तेव्हा त्याच वर्गात पुढच्या तीन रांगा भरलेल्या असतात आणि मागे नुसती बाकं. हजेरीपटावर नावं सगळी असतात. मी ती एकेक करून वाचतो, आणि कितीतरी नावांनंतर क्षणभर थांबून पुढच्या नावावर जातो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जवळजवळ तीस वर्षं शिकवतो आहे. या काळात आम्ही नॅक या मूल्यांकन संस्थेचे अहवाल लिहिले, विद्यापीठाच्या समित्यांना फायली दाखवल्या, दरवर्षी ढीगभर माहितीचे तक्ते भरले. पण तीन वर्षांपूर्वी एफवायला आलेल्या मुलांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हा एक प्रश्न मला कुणीही, कधीही विचारलेला नाही. कॉलेजच्या फाटकावर फलक लागतो तो टीवायच्या निकालाचा. त्या निकालाच्या बेरजेत मागच्या बाकांवरची मुलं कुठेच नसतात.

हे एका कॉलेजचं दुखणं नाही. सार्वजनिक विद्यापीठात आलेला विद्यार्थी टिकतो का, पदवीपर्यंत पोचतो का, या प्रश्नावर जगात गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ काम झालं आहे. काही देशांनी कायदे केले, काही विद्यापीठांनी स्वतःच्या चुका शोधून त्या दुरुस्त केल्या. आपल्याकडे हा प्रश्न अजून मोजदादीच्या उंबरठ्यावरच अडकलेला आहे. म्हणून आधी मोजदादीचंच बघू.

समजा, एफवायला दोनशे मुलांनी प्रवेश घेतला. एसवायला त्यातली एकशे वीस आली. टीवायच्या परीक्षेला ऐंशी बसली आणि बहात्तर पास झाली. निकाल नव्वद टक्के! पेढे वाटावेत असा. पण दोनशेतले बहात्तर म्हणजे छत्तीस टक्के. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे. नॅकच्या मूल्यांकनात उत्तीर्णांची टक्केवारी काढतात ती अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांवर. जो बसलाच नाही तो भागाकारात येत नाही. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवणाऱ्यांचा आकडा विचारतात, ही जमेची बाजू. पण तो आकडा गुणांच्या मोठ्या बेरजेत विरघळून जातो, आणि क्रमवारीच्या वाटेला न जाणाऱ्या खेड्यापाड्यांतल्या कॉलेजांना तर तो लागूच होत नाही.

केंद्र सरकारचं अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून होतं. २०२१-२२च्या सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणारे ४.३३ कोटी विद्यार्थी होते, आणि १८ ते २३ वयोगटाशी त्यांचं गुणोत्तर २८.४ टक्के पडत होतं. नव्या शैक्षणिक धोरणाला हे गुणोत्तर २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. विद्यार्थिसंख्येत महाराष्ट्र उत्तर प्रदेशाखालोखाल दुसरा. हे सगळं चांगलंच आहे. पण हे नोंदणीचं मोजमाप आहे. मुलगा दुसऱ्या वर्षी घरी बसला की पुढच्या जुलैत नवा मुलगा त्याची जागा भरतो आणि गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. हौदात पाणी किती येतं ते आपण बघतो. तळाशी तडा आहे का, हे बघायला खाली उतरावं लागतं.

संलग्नतेच्या पद्धतीमुळे हे उतरणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. विद्यार्थी कागदोपत्री विद्यापीठाचा, शिकतो कॉलेजात. कॉलेज सोडणारा मुलगा अर्ज देऊन जात नाही. टीसी तोच मागतो ज्याला दुसरीकडे प्रवेश घ्यायचा असतो. बाकीच्यांची नावं वर्षअखेरपर्यंत पटावर राहतात. ती कमी करण्याची घाई कॉलेजलाही नसते, कारण तुकड्या, कार्यभार आणि प्राध्यापकांची पदं पटावरून ठरतात. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. पट घसरला तर विषय बंद पडतो आणि विषय बंद पडला तर उरलेल्या मुलांचंही नुकसान होतं, हे मी पाहिलेलं आहे. पण परिणाम असा की गेलेल्या मुलाची नोंद ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

अमेरिकेत ही नोंद कायद्याने ठेवावी लागते. १९९०च्या 'स्टुडंट राइट-टू-नो' कायद्याने तिथल्या कॉलेजांना पदवीचं प्रमाण जाहीर करणं भाग पाडलं. या कायद्यामागे कळकळ होती ती खेळाडू विद्यार्थ्यांची. विद्यापीठं त्यांना मैदानावर राबवून घेतात आणि पदवीविना सोडून देतात, हे बास्केटबॉल खेळून मग सिनेटर झालेल्या बिल ब्रॅडलींनी लावून धरलं होतं. कायदा झाला तेव्हा तो नियम सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू झाला. चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांची मुदत धरायची आणि एका वर्षी दाखल झालेल्या तुकडीतले किती त्या मुदतीत पदवीधर झाले ते सांगायचं. २०१४ साली दाखल झालेल्यांसाठी हे प्रमाण देशभरात सुमारे ६४ टक्के होतं. म्हणजे इतका पैसा आणि इतक्या सोयी असलेल्या देशातही तिघांतला एक सहा वर्षांत त्या कॉलेजातून पदवी घेऊन निघत नाही.

या मोजणीतही खोट होती. पहिल्यांदा आणि पूर्णवेळ प्रवेश घेणारेच तीत धरले जायचे. नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे बाहेर राहायचे, आणि कॉलेज बदलून दुसरीकडे पदवी मिळवणारा पहिल्या कॉलेजच्या खात्यावर गळती म्हणून पडायचा. आपल्याकडे हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरेल. ऑगस्टमध्ये नर्सिंगची किंवा डी.फार्मची यादी लागली की बी.एस्सी.च्या वर्गातली मुलं निघून जातात. ती कॉलेजातून गेली, शिक्षणातून गेली नाहीत. दोन्हींना एकच शब्द वापरला तर मोजणाराच फसेल.

आणि आकड्याला मान मिळाला की आकड्याशी खेळही सुरू होतो. २०१६ साली मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज या खासगी विद्यापीठात उघडकीस आलं की नव्या विद्यार्थ्यांकडून सुरुवातीलाच एक प्रश्नावली भरून घ्यायची, तिच्यावरून डळमळीत वाटणारी वीस-पंचवीस मुलं हेरायची आणि सरकारी मोजणीची तारीख येण्याआधीच त्यांना घरी पाठवायचं, असा अध्यक्षांचा बेत होता. म्हणजे मुलं टिकल्याचं प्रमाण आपोआप सुधारलं असतं. विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने ही बातमी फोडली आणि काही आठवड्यांत अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे उद्या हा आकडा अनुदानाला जोडला तर पहिली संक्रांत कुणावर येईल हे सांगायला नको. म्हणून मी मोजणीचा आग्रह धरतो तेव्हा ती शिक्षेसाठी नसावी, असाही धरतो.

मुलं का सोडतात, याचा अभ्यास करणाऱ्यांत व्हिन्सेंट टिंटो यांचं नाव सगळ्यात आधी येतं. १९७५च्या लेखात आणि १९८७च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की विद्यार्थी वर्गात आणि वर्गाबाहेर किती रुळतो, कॉलेज त्याला किती आपलं वाटतं, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं. तोवर दोष मुलाच्या बुद्धीत आणि चिकाटीत शोधत असत. टिंटोंनी बोट संस्थेकडे वळवलं, हा त्यांचा मोठा उपकार. पण त्यांच्या डोळ्यांसमोर होता तो कॉलेजच्या आवारातच राहणारा अठरा वर्षांचा मुलगा. १९८५ मध्ये जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी दाखवलं की जी मुलं घरून ये-जा करतात, नोकरी करतात, ज्यांच्यावर संसाराचा भार आहे, त्यांच्या बाबतीत बाहेरची परिस्थितीच जास्त जोर धरते. पैसा, कामाच्या वेळा, घरचं आजारपण. अप-डाऊन करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांचं वर्णन मला त्यांच्याच मांडणीत जास्त सापडतं.

ते वर्णन जवळून करतो.

पहिली गोष्ट एसटीची. गावाकडची शेवटची गाडी पाचला आणि प्रात्यक्षिक साडेपाचला संपणार, अशी स्थिती असलेली मुलगी विज्ञान शाखेत दुसऱ्या सत्रापर्यंत टिकली तर ती तिची कमाल. शाळकरी मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीला संपतो, म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष आणि प्रवासाचा पहिला खर्च हातात हात घालून येतात. पास सवलतीचा असला तरी घरात त्याचा हिशेब होतोच, आणि भाऊ-बहीण दोघं शिकत असतील तर कुणाचा पास आधी बंद होतो हे मी सांगायला नको. करोनानंतर महाराष्ट्रातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ला उघडली आणि आठवड्याभरात एसटीचा संप सुरू झाला. तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांवर मला काही म्हणायचं नाही. त्यांच्या घरची मुलंही माझ्या वर्गात होती. पण त्या सहा महिन्यांत वर्ग उघडा आणि रस्ता बंद अशी अवस्था होती, आणि त्या तुकडीतली किती मुलं परत आलीच नाहीत याचा आकडा कुणी काढलेला नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोडीची. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. आई-वडील गेले की घरची म्हातारी, धाकटी भावंडं आणि जनावरं कॉलेजात जाणाऱ्या मुलावर नाहीतर मुलीवर येतात. विद्यापीठाची पहिल्या सत्राची परीक्षा नेमकी याच दिवसांत.

तिसरी लग्नाची. उन्हाळी परीक्षा आणि लग्नसराई एकाच वेळी येतात. हातावरची मेंदी उत्तरपत्रिकेला लागू नये म्हणून मनगट उचलून लिहिणारी मुलगी मी पर्यवेक्षक म्हणून पाहिली आहे. ती पेपर देते, पासही होते. अडतं ते पुढे. माहेर बीड जिल्ह्यात आणि सासर परभणीत असेल तर विद्यापीठच बदलतं. बीड छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली, परभणी नांदेडच्या. मग मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता प्रमाणपत्र, विषयांची समकक्षता. शंभर किलोमीटरवर नांदायला गेलेल्या मुलीला दुसऱ्या वर्षाचा वर्ग पकडण्यासाठी जेवढे कागद लागतात, तेवढे गोळा करायला सासरचं कोण तिच्याबरोबर हिंडेल? सासरच्यांची शिकवायची तयारी होती, पण कागद जमेपर्यंत प्रवेशाची तारीख टळली, अशा मुली मला ठाऊक आहेत.

चौथी गोष्ट आमच्या हातातली आहे, म्हणून जास्त टोचते. एटीकेटीच्या नियमाने एखाद-दोन विषय राहिले तरी मूल दुसऱ्या वर्षात जातं. मात्र तिसऱ्या वर्षात बसायला पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले लागतात, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. राहतो तो बहुधा इंग्रजीचा पेपर. मुलगा इतिहासात, राज्यशास्त्रात नीट पास होतो, आणि एफवायच्या इंग्रजीपायी त्याचं वर्ष जातं. 'सर, इंग्रजी निघालं की येतोच,' असं सांगून तो पोलीस भरतीच्या सरावाला किंवा चाकणच्या कंपनीत जातो. पेपर पुढच्या फेरीत कदाचित सुटतोही, पण तोवर महिन्याचा पगार सुरू झालेला असतो. हा नियम करताना दर्जा राखण्याचा हेतू असेल. पण एका विषयावर दरवर्षी इतकी मुलं अडकत असतील तर तो विषय शिकवण्याची पद्धत बदलायला हवी, हे साधं शहाणपण आम्ही दाखवलेलं नाही. तो पेपर तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडे असतो. त्या बिचाऱ्याला दोन-दोन कॉलेजं करून घर चालवावं लागतं, आणि कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत.

पाचवी गोष्ट परीक्षा फॉर्मची. तारीख येते, टळते, मग विलंब शुल्क, मग अतिविलंब शुल्क. शिष्यवृत्ती राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून यायची असते, पण ती पुष्कळदा वर्ष सरता सरता येते. फॉर्मचे पैसे मात्र आजच हवे असतात. एकदा एक मुलगी माझ्याकडे आली, फॉर्म भरला नाही म्हणून हॉल तिकीट नाही, असं सांगायला. विलंब शुल्क धरून रक्कम एवढी की आम्ही प्राध्यापक लोक एका रविवारी हॉटेलात तेवढी सहज खर्च करतो. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, 'सर, मागच्या वेळी पण तुम्हीच भरले होते.' ती दुसऱ्यांदा मागायला लाजली होती. त्या लाजेने तिचं एक सत्र खाल्लं.

अमेरिकेतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाची कहाणी मला याच कारणाने विसरता येत नाही. अटलांटातलं जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी हे मोठं, शहरी विद्यापीठ. काळे, लॅटिनो, गरीब घरांतले, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले असे विद्यार्थी तिथे फार. २००३ मध्ये तिथं सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते पन्नासच्या वर गेलं, आणि काळ्या व गोऱ्या विद्यार्थ्यांमधलं अंतर जवळजवळ पुसलं गेलं. प्रवेश कडक करून त्यांनी हे साधलेलं नाही. उलट याच काळात गरीब विद्यार्थ्यांचा वाटा तिथं वाढला.

त्यांनी केलं काय? आपल्याच दप्तरातल्या दहा वर्षांच्या पंचवीस लाख श्रेणी चाळल्या आणि विद्यार्थी कुठे घसरतो ते शोधलं. नर्सिंगच्या मुलींचं पुढे काय होणार हे नर्सिंगच्या विषयांपेक्षा पहिल्या वर्षीच्या गणिताच्या श्रेणीवरून जास्त कळतं, अशा गोष्टी हाती आल्या. हे वाचलं तेव्हा मला आमचा एफवायचा इंग्रजीचा पेपर आठवला. २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्यावर रोज लक्ष ठेवणारी संगणकीय व्यवस्था त्यांनी उभी केली. धोक्याच्या आठशेवर खुणा तिच्यात होत्या. खूण दिसली की सल्लागार विद्यार्थ्याला बोलावतो. त्यासाठी चाळीसवर नवे सल्लागार नेमले. हा भाग आपले लोक सोयीस्करपणे विसरतात. संगणक घंटा वाजवतो, पण घंटा वाजल्यावर दाराशी जाणारा माणूस लागतो.

त्याहून मोलाची मला त्यांची दुसरी योजना वाटते. दर सत्रात शेकडो विद्यार्थ्यांची नावं शुल्क थकल्यामुळे कमी होत होती, आणि त्यांतली पुष्कळ अभ्यासात ठीक होती. थकबाकी काही हजारांची नव्हती, पुष्कळांची काही शे डॉलरची. २०११ पासून विद्यापीठाने ठरवलं की विद्यार्थ्याच्या अर्जाची वाट पाहायची नाही. आपण होऊन यादी काढायची, पात्र विद्यार्थ्याच्या खात्यावर तेवढी रक्कम टाकायची आणि त्याला कळवायचं की तुझं नाव पटावर आहे, वर्गात ये. सरासरी अनुदान नऊशे डॉलरच्या आसपास. विद्यार्थी टिकला तर त्याचं पुढचं शुल्क येतंच, म्हणून हिशेबातही विद्यापीठ तोट्यात गेलं नाही. त्या मुलीला दुसऱ्यांदा मागायची लाज वाटली होती. इथे मागावंच लागत नाही.

अशा संगणकीय भाकितांवर टीकाही झाली आहे आणि ती रास्त आहे. काही अमेरिकन विद्यापीठांच्या अशा व्यवस्थांमध्ये विद्यार्थ्याचा वंशच धोक्याची खूण म्हणून धरला जात होता, हे २०२१ मध्ये पत्रकारांनी उघड केलं. धोक्यात आहेस म्हणून सोपा विषय घे, असं गरीब मुलाला सुचवलं की ते भाकीत स्वतःच स्वतःला खरं करतं. आपल्याकडे वंशाच्या जागी जात येईल. ज्या देशात केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएममधून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी मिळून साडेतेरा हजारांवर विद्यार्थी बाहेर पडल्याचं सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत सांगितलं, त्या देशात ही काळजी आधीच घ्यायला हवी.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं उदाहरण अधिक भक्कम आहे, कारण तिथं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून तुलना झाली. त्यांच्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत २००७ पासून 'असॅप' नावाचा कार्यक्रम चालतो. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं. विद्यापीठाने शुल्कातली तूट भरायची, पुस्तकं द्यायची, मेट्रो-बसचा पास द्यायचा आणि साठ-ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार नेमायचा. इतरत्र एका सल्लागाराकडे सहाशे आणि त्याहून जास्त विद्यार्थी असत. एमडीआरसी या संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रमातले ४० टक्के आणि बाहेरचे २२ टक्के निघाले. शिक्षणक्षेत्रात एवढा फरक क्वचित दिसतो. विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे साठ टक्क्यांनी वाढला, तरी एका पदवीमागचा खर्च मात्र कमी आला, कारण पदव्याच वाढल्या. ओहायोतल्या तीन कॉलेजांतही हाच कार्यक्रम असाच फळला. त्यात नवलाचा असा एकही घटक नाही. बसचा पास, पुस्तकं, आणि नावाने ओळखणारा एक माणूस.

आपल्याशी परिस्थितीने जवळ असलेल्या दक्षिण आफ्रिकेने २०१३ मध्ये आपली तुकडीवार मोजणी जगापुढे ठेवली. तिथल्या उच्च शिक्षण परिषदेच्या अहवालाने सांगितलं की प्रत्यक्ष वर्गात शिकणाऱ्यांपैकी ठरलेल्या मुदतीत पदवी घेणारा चौघांत एक. गरीब देशाला अशी मोजणी झेपत नाही, या सबबीला तिथेच उत्तर मिळतं.

बसचा पास आणि जेवण यांनी मुलं टिकतात, हे कळायला आपल्याला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा वसतिगृह काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. खेड्यातल्या पोराला शाळेचं दार उघडून देऊन भागत नाही, त्याला पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. त्या बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला याच संस्थेचं मिलिंद कॉलेज सुरू झालं तेव्हा वसतिगृहांचा विचार त्यातच होता. या सगळ्यांनी आधी स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि वेळापत्रक पाहिलं. आपण पुढे इमारती वाढवल्या, तुकड्या वाढवल्या, गावोगावी विनाअनुदानित कॉलेजं दिली, आणि स्वयंपाकघराचा विषय समाजकल्याण खात्याच्या फायलीत टाकून दिला.

त्या फायलीत चांगल्या योजना आहेत, हे नाकारून चालणार नाही. ज्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठीच्या स्वाधार योजनेत शहरानुसार वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत ठरवली आहे. पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे. पुण्याच्या विद्यापीठाची कमवा व शिका योजना अनेक पिढ्यांच्या कामी आली आहे. २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण अनुदानित कॉलेजातल्या बी.ए.च्या मुलीला शुल्काचं ओझं मुळातच कमी असतं. तिला जड जातं ते बाकीचं सगळं. आणि रक्कम वेळेवर आली नाही तर खोलीमालक मार्चपर्यंत थांबत नाही.

आता नवं धोरण आलं आहे. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून लागू झालं. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येईल, आणि सात वर्षांत पदवी पुरी करता येईल. सासरी गेलेल्या मुलीसाठी, कंपनीत लागलेल्या मुलासाठी ही दारं खरोखर उघडली तर मी या धोरणाचे उपकार मानीन. मला भीती वेगळी आहे. एका वर्षाने गेलेल्याला आपण आजवर निदान मनात तरी गळती म्हणत होतो. उद्या त्याला 'एक्झिट' म्हणू, हातात सर्टिफिकेट देऊ, आणि आमची जबाबदारी संपली असं समजू. त्या एका वर्षाच्या कागदावर त्याला बाजारात काय मिळतं हे कोण विचारणार?

याच धोरणाने मोजणीची सोयही हाती दिली आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला आता विद्यापीठाचा पीआरएन क्रमांक असतो आणि ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं. मुलगा कॉलेज बदलो, विद्यापीठ बदलो, त्याचा माग त्या खात्यावरून लागू शकतो. म्हणजे गेलेला आणि बदललेला यांच्यात फरक करण्याची जी अडचण अमेरिकेला वर्षानुवर्षं छळत होती, ती आपल्याला सोडवता येईल. २०२४ साली दाखल झालेली तुकडी २०२७ मध्ये तिसरं वर्ष पुरं करील. राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने त्या तुकडीचा हिशेब कॉलेजवार, शाखावार, मुलगे-मुली आणि सामाजिक प्रवर्गानुसार मांडावा: किती आले, दुसऱ्या वर्षी किती परतले, किती दुसरीकडे गेले, किती पदवीपर्यंत पोचले. विद्यापीठाकडे हे सगळं परीक्षा विभागाच्या संगणकात आजच पडलेलं आहे. लागते फक्त ते जोडायची आज्ञा.

तोवर मी माझ्यापुरतं एक करतो. दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोनशे पानी वही घेतो आणि एफवायच्या प्रत्येक मुलामुलीचं नाव, गाव, गाडीची वेळ आणि घरचा फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहितो. दिवाळीनंतर जी नावं हजेरीत गप्प राहतात त्यांना संध्याकाळी फोन लावतो. काही नंबर बंद असतात. काही ठिकाणी मूल स्वतःच उचलतं आणि ओशाळून 'उद्या येतो सर' म्हणतं. त्यातली काही खरंच येतात.

गेल्या हिवाळ्यात एका घरी आईने फोन घेतला. 'लेकरू चाकणला कंपनीत लागलंय सर, बारा तास ड्युटी हाय. आता कुठलं कॉलेज?' मी म्हटलं, ताई, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख शुक्रवार आहे. पैशाचं मी बघतो, त्याला फक्त पीआरएन नंबर पाठवायला सांगा, आणि पेपरच्या दिवशी सुट्टी मिळते का ते विचारायला सांगा. पलीकडे थोडा वेळ नुसताच चुलीवर काहीतरी रटरटल्याचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, 'थांबा सर, धाकटीला बोलवते. ती लिहून घेईल.'